पावआट्यांचा स्टिअरिंग बॉक्स

आमच्या ह्यांचं आडनाव पावआटे नाही. खरं आडनाव चांगलं भारदस्त आहे, पण ते आता विजेच्या बिलावर तेवढं उरलंय. बाकी सगळी दुनिया ह्यांना पावआटे म्हणूनच ओळखते. कुरियरवाला त्याच नावाने पार्सल आणतो. मला एकदा बँकेच्या रांगेत एका अनोळखी बाईने 'पावआटे वहिनी ना तुम्ही?' असं विचारलं, तेव्हा मी मुकाट्याने हो म्हणून टाकलं.

हे नाव पडलं ते ह्यांच्या जिभेमुळे. हे जुन्या गाड्यांचे स्टिअरिंग बॉक्स दुरुस्त करतात. आपण हातातलं चाक फिरवतो आणि रस्त्यावरची चाकं वळतात, ती ज्याच्यामुळे वळतात अशी ती बिडाची जड पेटी. तिच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की आतले दाते एकमेकांना घट्ट भिडतात, सोडला की सैल पडतात. गाडी रस्त्यावर डुलायला लागली की नवशिके मेकॅनिक तो स्क्रू पिळत बसतात आणि बॉक्सची पुरती वाट लावून ह्यांच्याकडे घेऊन येतात. मग हे त्यांना बाकावर बसवतात, चहा पाजतात आणि प्रवचन सुरू करतात. दाताला दात लागला पाहिजे, पण रुतता कामा नये. लोखंडालाही हलायला जागा लागते. आवळलंस ना? मग आता पाव आटा सोड. पाव आटा म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्याचा चौथा हिस्सा. एवढ्याशा हिश्श्यावर ह्यांनी अख्खी हयात काढली.

बरं, हे प्रवचन गाडीपुरतं राहील तर शपथ. दाराची बिजागरी, चष्म्याची काडी, शेजारच्यांच्या मुलाचा अभ्यास, जिथे तिथे पाव आटा सोडायचा. आणि नेमकी मी पडले गाड्यांचे कापडी हुड शिवणारी. माझ्या धंद्यात सैल म्हणजे फुकट. हुड ताणून बसला नाही की वाऱ्याला फडफडतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं. त्यामुळे आमचं भांडण लग्नाइतकंच जुनं आहे.

आमची शेड एकच आहे. डावीकडे माझं शिलाई मशीन, कापडाचे तागे आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या. उजवीकडे ह्यांचा लोखंड पकडायचा शेगडा, रॉकेलचे ट्रे, पाने आणि खोललेले बॉक्स. मधोमध जमिनीवर मी एक पिवळी रेघ मारून घेतली आहे. तेलाने ती ओलांडायची नाही. हे नियम पाळतात. चहा घ्यायला रेघेपर्यंत येतात, दोन्ही हात पुढे करतात आणि कप मिळाला की उलट पावली मागे जातात. नवीन माणसाला वाटतं, ह्यांना काहीतरी संसर्गाचा आजार आहे.

आम्हाला मुलगी एकच, बारकी. उंचीने ती आता बापाच्या डोक्यावरून बघते, पण नाव काही सुटलं नाही. ती गुरांची डॉक्टर झाली. लहानपणी मी तिला आवळायला जावं आणि ह्यांनी पाव आटा सोडावा, असंच ती वाढली. विहिरीत पोहायचंय, जा. मोटरसायकल शिकायचीय, शीक. मी डोक्याला हात लावून बसायचे. शेडच्या मागे आमची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उभी असते, एका दगडखाणीतून भंगारात घेतलेली. ती ह्यांनी चालती केली आणि बारकी तिच्यावरच गाडी शिकली. वळणातून बाहेर येताना चाकाला पिळायचं नाही, हात सैल सोडायचे, चाक आपणहून सरळ होतं, हे ह्यांनी तिला तेव्हा शिकवलं.

यंदा तिला नेमणूक मिळाली. डोंगरावरचा गुरांचा दवाखाना, आजूबाजूला लांब लांब पसरलेल्या वस्त्या आणि मधे नुसते दगडांचे रस्ते. अट एकच होती, स्वतःची अशी गाडी हवी, जी तिथे चढेल. सोमवारी सकाळी गाडीसकट हजर व्हायचं. गाडी नसेल तर ती जागा दुसऱ्याला, आणि आमच्या बारकीला शहरातल्या कचेरीत टेबल. टेबलाचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा. शिकताना ती त्या डोंगरावर एक हंगाम राहून आली होती आणि तेव्हापासून तिच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता.

तिने ही बातमी सांगितली तेव्हा हे शेगड्यापाशी उभे होते. छान आहे, म्हणाले. मग चिंधीला हात पुसत गाडीकडे गेले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळतंय. असं नाही चालणार."

तेल गळत होतं, ते खरंच. पण ते गेली दोन वर्षं गळत होतं. बारकी म्हणाली, नुसतं सील बदलू या, मी पण हात लावते. पण ह्यांनी त्याच दिवशी अख्खा बॉक्स गाडीवरून उतरवला आणि पार आतड्यापर्यंत उघडला.

दुसऱ्यांचे बॉक्स हे कसे करतात ते मला पाठ आहे. आज सकाळी उघडलेला बॉक्स उद्या संध्याकाळी बंद होतो. आतला आट्याचा दांडा बाहेर येतो, त्याच्यावर बसलेला नट निघतो, नटातले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, ट्रेमध्ये खळखळतात, सगळं धुवून, पुसून, नवी सीलं घालून परत जागच्या जागी. ह्या वेळी एकेक भाग तीनतीनदा धुतला गेला. रॉकेल गाळून परत धुतला गेला. बेअरिंग हातात घेऊन हे कानाशी फिरवायचे, जणू ते काही निरोप सांगणार आहे. मी मशीनवरून मान वर केली की लगेच गंभीर चेहरा करायचे.

मग एक छर्रा हरवला. ट्रेमध्ये एक कमी भरत होता आणि छर्रा कमी असेल तर नट बसवता येत नाही. मग शोध सुरू झाला. बाकाखाली, ट्रेखाली, शेडच्या नाल्यात. शेवटी माझी परवानगी घेऊन हे गुडघ्यांवर रांगत रेघेच्या अलीकडे आले आणि माझ्या ताग्यांमध्ये हात घालून बसले. अर्धा दिवस गेला. छर्रा निघाला ह्यांच्याच शर्टाच्या खिशातून, चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ह्यांनी तो हरवला की ठेवला, हे मी विचारलं नाही. बारकीने तो छर्रा हातात घेतला, रॉकेलात बुचकळला आणि ट्रेमध्ये टाकला.

त्यानंतर दात्यांचा दांडा झिजलाय असं ठरलं. हे भंगारबाजारात गेले, हात हलवत परत आले आणि असा दांडा आता कुठे मिळतच नाही असं जाहीर करून चहा पीत बसले. बारकीने फोन फिरवला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या एका मित्राने तसाच दांडा आणून दिला. ह्यांनी तो सगळीकडून तपासला, खोट निघावी म्हणून अगदी भिंग लावून तपासला. निघाली नाही. तेव्हा ह्यांचा चेहरा पडला, तो मी रेघेच्या ह्या बाजूने नीट पाहिला.

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. स्वयंपाकघरात मी ह्यांना सरळ धरलं. म्हटलं, अहो, तिला सोडायचं जिवावर येतंय तर तिला तसं सांगा ना. जाऊ नकोस म्हणा. बॉक्सला कशाला छळताय? हे म्हणाले, मी कुठे काय म्हणतोय. ते खरंच होतं. हे काहीच म्हणत नव्हते आणि म्हणू शकतही नव्हते. जन्मभर जगाला मोकळं सोडायला सांगितलेला माणूस स्वतःच्या मुलीला कुठल्या तोंडाने अडवणार? स्वतःचंच प्रवचन ह्यांच्या घशात अडकलं होतं. मला ह्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते, तशी आपटली.

शनिवारी संध्याकाळी बॉक्स गाडीवर चढला. बारकी जेवणाची तयारी करत होती तेव्हा हे एकटेच बॉनेट उघडून बराच वेळ आत वाकून होते. रविवारी सकाळी गाडी फिरवून बघायची ठरली. बारकी चालवायला, हे शेजारी आणि मी मागे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हुड मी नवीन शिवला होता आणि तो वाऱ्यात कसा बसतो हे बघायचा मला हक्क होता. सांगायला हरकत नाही, तसूभरही फडफडला नाही.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता डावीकडे वळतो. वळणाच्या तोंडालाच सलूनवाल्याचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी बाक. बारकीने गाडी छान वळवली आणि बापाने शिकवलं होतं तसे हात सैल सोडले. चाक थोडं मागे फिरलं आणि मधे यायच्या आतच अडकलं. सरळ झालंच नाही. गाडी आपली डावीकडे वळतच राहिली. बारकीने ब्रेक दाबला तोवर आम्ही सलूनवाल्याचा बाक आडवा केला होता. वेग बैलगाडीचा होता म्हणून बरं. आतलं गिऱ्हाईक तोंडाला फेस फासलेलं तसंच बाहेर पळत आलं आणि आमच्याकडे बघत उभं राहिलं. कुणाला काही लागलं नव्हतं. बाकाचा मात्र एक पाय मोडला.

हे खाली उतरले. आधी टायरला लाथ मारून बघितली आणि हवा कमी आहे म्हणाले. मग रस्त्याला ढाळ चुकीचा दिलाय म्हणाले. मग सलूनवाल्याला, बाक फारच पुढे ठेवता तुम्ही, असंही सुनावून झालं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते, पण बारकीने बॉनेट उघडलं होतं आणि ती आत वाकून बघत होती. म्हणून मीही जाऊन बघितलं.

ह्यांचे बॉक्स मला ओळखू येतात. डोक्यावरच्या स्क्रूचे दोन-तीन आटे नटच्या वर डोकावत असतात, नेहमी. इथे एकही दिसत नव्हता. स्क्रू नटमध्ये पार बुडाला होता.

"बाबा, हा कुणी आवळला?"

"मीच."

"किती?"

हे टायरकडे बघत होते. "जाईल तेवढा," म्हणाले.

सलूनवाला पुटपुटला, "पावआटे, तुम्ही?" त्याच्या दुकानातला आरसा ह्यांनीच भिंतीला बसवून दिला होता आणि पाव आटा सोडून दिला होता. त्यामुळे तो आरसा जरासा हलतो, आणि अर्ध्या गावाची दाढी त्या हलत्या आरशासमोर होते.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. उभ्या जन्माला पुरतील एवढे टोमणे त्या क्षणी माझ्या हाताशी होते. पण तोंडातून एकही निघेना. मला वळणावरचं ते अडकलेलं चाक दिसत होतं, आणि बाकाच्या जागी दरी दिसत होती.

"ही डोंगरात असती तर?" मी म्हटलं.

"तेच," हे म्हणाले. "मला तेच दिसत होतं. डोंगर, वळण आणि सैल स्टिअरिंग. डोळे मिटले की तेवढंच दिसायचं. म्हणून आवळला."

एवढं बोलून हे सलूनवाल्याने परत उभा केलेल्या बाकावर बसायला गेले. बाकाला तीनच पाय उरले होते, त्यामुळे बाक कलला आणि हेही कलले. फेसवाल्या गिऱ्हाइकाने ह्यांना सावरलं. एरवी मी पोट धरून हसले असते. ह्यांचे कान लाल झाले होते आणि कपाळाला तेलाचा डाग लागला होता. मला वाटलं, ह्या माणसाला आत्ता कुणी नावाने हाकसुद्धा मारू नये.

बारकीने बॉनेटवर हात टेकले. ती रागावली नव्हती, पण तिचा आवाज डॉक्टरांचा झाला होता.

"बाबा, एकच विचारते. नुसता स्क्रू सोडून भागेल, की आत दाते खाल्ले गेले असतील? बॉक्स परत उघडायला लागेल?"

म्हणजे सगळं परत ह्यांच्याच हातात आलं. बॉक्स उघडायचा म्हणजे सोमवार गेला. सोमवार गेला म्हणजे ती जागा गेली, आणि मुलगी शहरातल्या टेबलावर, बसने घरी येऊन जाऊन राहील. ह्यांनी नुसतं 'उघडायला लागेल' म्हणायचा अवकाश. त्यांच्या शब्दापुढे शब्द टाकील असा दुसरा माणूस आमच्या ओळखीत नाही. बारकीला हे माहीत होतं, तरी तिने विचारलं, आणि ते सांगतील ते ऐकायची तिची तयारी होती. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला खरं काय हवं होतं, ते मला अजून सांगता येणार नाही.

हे उठले. पुढची चाकं जॅकवर उचलून घेतली, गाडीत चढले, इंजिन बंद होतं तसंच ठेवून त्यांनी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग परत. तिसऱ्यांदा फिरवताना डोळे मिटून घेतले. चाक मधे आलं की अडखळत होतं, ते मला बाहेरूनही दिसत होतं. दोन्ही बाजूंना मात्र सुरळीत जात होतं.

"दाते चांगले आहेत," हे म्हणाले. मग चाकावरचे हात काढून म्हणाले, "नुसता स्क्रू."

बारकीने पाना ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी घेतला नाही. माझा हात आज बरोबर नाही, तूच कर, म्हणाले. मग सलूनवाल्याच्या दारात, भर रस्त्यात, बाप चाकावर आणि मुलगी बॉनेटखाली असं काम चाललं. ती नट सैल करायची, स्क्रू जरासा सोडायची आणि हे चाक फिरवून बघायचे. थोडंसं सोडलं की हे म्हणायचे, पुरे. ती मान हलवायची आणि आणखी सोडायची. शेवटी ह्यांनी पुरे म्हणणं बंद केलं. चाक मधून अलगद जायला लागलं तेव्हा तिने स्क्रू धरून ठेवून नट आवळला, आणि नटच्या वर दोन आटे दिसले. परत वळणावर जाऊन आलो. तिने हात सैल केले, चाक सरळ झालं. सलूनवाल्याने टाळी वाजवली. बाकाचा पाय ह्यांनी संध्याकाळी घट्ट बसवून दिला.

सोमवारी बारकी उजाडता उजाडता निघाली. मागे तिची औषधांची खोकी, अंथरूण आणि मी कोंबलेल्या चार पिशव्या होत्या. मी रडले. रडायचं नाही असं ठरवलं नव्हतं, म्हणून सरळ रडले आणि मोकळी झाले. हे गाडीभोवती फिरत होते. टायर बघितले, तेल बघितलं, गाडीखाली वाकून जमीन कोरडी आहे ना ते बघितलं. तिला जवळ घ्यायचं राहूनच गेलं. तिनेच खिडकीतून हात बाहेर काढून ह्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि गाडी सुरू केली.

आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. गाडी टाकीपाशी पोहोचली आणि डावीकडे वळली. वळणात ती आडवी आली तेव्हा हुडच्या बाजूच्या खिडकीतून बारकी आम्हाला स्पष्ट दिसली. तिने दोन्ही हात चाकावरून उचलले आणि पार वर नेले, कापडाला टेकतील इतके, बापाला दिसावेत म्हणून. चाक आपणहून फिरलं आणि गाडी सरळ झाली.

"हात धर," हे म्हणाले. "अगं, चाकाला हात धर."

एवढ्या लांबून तिला ऐकू जाणार नव्हतं. ह्यांनाही ते कळत होतं. गाडी टाकीमागे दिसेनाशी झाली, तिचा आवाजही थांबला, तरी हे रस्त्यात उभे राहून तेच म्हणत होते.